रुग्णालयातून गोवर पसरतोय अशी शंका आली तर नेमके काय करायचे

एखाद्या रुग्णालयात गोवराचे मूल दाखल होते, आठ-दहा दिवसांत आजूबाजूच्या दोन-तीन मुलांच्या अंगावर पुरळ उठते, आणि वस्तीत कुजबुज सुरू होते. लोक रुग्णालयाच्या फाटकाशी जमतात आणि विचारतात, किती रुग्ण आहेत, किती दगावले? प्रश्न साहजिक आहे, पण त्याच्या उत्तराने पुढचे मूल वाचत नाही. विचारायचे ते हे: आजारी मूल ज्या दिवशी ओपीडीच्या बाकावर बसले होते, त्या दिवशी त्या जागेत आणखी कोण कोण होते, त्यांची यादी झाली का, आणि त्यांना फोन गेला का?

गोवरात संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत लस मिळाली तर आजार टळू शकतो, निदान सौम्य तरी होतो. नंतर ती वाट बंद होते. म्हणून रुग्णालयाने साथ कशी हाताळली हे जोखायचे तर भिंतीवरच्या सूचनाफलकापेक्षा ही यादी जास्त सांगते. पुढचे सगळे या यादीभोवती आणि तारखांभोवती आहे.

आधी आजार कोणता ते पक्के करा

डेंग्यू माणसाकडून माणसाला थेट लागत नाही, त्यामुळे डेंग्यूच्या रुग्णाला वेगळ्या खोलीत का ठेवले नाही असे भांडण्यात अर्थ नाही. तिथे मच्छरदाणी आणि आवारातले साचलेले पाणी बघायचे. गॅस्ट्रो किंवा कॉलरा असेल तर हात, संडास, पिण्याचे पाणी आणि उलटी-जुलाब पुसण्याची पद्धत बघायची. सांडलेली घाण पुसायला साधारण १ टक्का क्लोरीनचे द्रावण लागते. ५ टक्क्यांचे हायपोक्लोराइट असेल तर एक भाग औषध आणि चार भाग पाणी, ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर असेल तर लिटरला ३० ग्रॅम. ते रोज ताजे करावे लागते. कालची बादली आज कामाची नसते.

गोवराचे तसे नाही. तो हवेतून जातो. आजारी मूल खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत राहू शकतो. प्रतिकारशक्ती नसलेल्या लोकांत एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. त्यामुळे ‘आम्ही खाट सहा फूट लांब ठेवली’ किंवा ‘दर तासाला फिनाइल मारतो’ ही गोवराच्या बाबतीत उत्तरे होत नाहीत. गोवरासाठी बंद दार, बाहेर जाणारी हवा आणि लसवंत कर्मचारी लागतात.

तारखांचे गणित

हे गणित कागदावर मांडल्याशिवाय कुणालाही दोष देऊ नका. समजा एक मूल ५ तारखेला ताप, खोकला, वाहणारे नाक आणि लाल डोळे घेऊन ओपीडीत आले. पुरळ उठले ६ तारखेला. गोवराचे मूल पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत संसर्ग देते, म्हणजे २ ते १० तारीख. ७ तारखेला ते पुन्हा आले आणि डॉक्टरांनी गोवराची शंका नोंदवली.

आता ५ तारखेला त्याच हॉलमध्ये बसलेल्या तुमच्या मुलाचे बघा. लस द्यायची मुदत ८ तारखेपर्यंत. लस चालत नाही अशांसाठी इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची, मुदत सहा दिवस, म्हणजे ११ तारखेपर्यंत. संसर्ग झालाच असेल तर पुरळ संपर्कानंतर ७ ते २१ दिवसांत दिसेल, म्हणजे १२ ते २६ तारखेच्या दरम्यान. बहुतेकांना चौदाव्या दिवसाच्या आसपास.

या एका उदाहरणात दोन गोष्टी दिसतात. पहिली, ५ तारखेला त्या मुलाला इतरांपासून वेगळे केले नाही हा रुग्णालयाचा गुन्हा म्हणता येणार नाही. त्या दिवशी अंगावर पुरळ नव्हते, आणि ताप-खोकल्याची पन्नास मुले रोज येतात. (गालांच्या आतल्या बाजूला मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके पुरळाच्या एक-दोन दिवस आधी दिसू शकतात. परिसरात साथ आहे हे आधीच माहीत असेल तर मात्र डॉक्टरांनी तोंड उघडून बघायला हवे होते, हा प्रश्न रास्त ठरतो.) दुसरी गोष्ट, ७ तारखेला शंका आल्यावर रुग्णालयाच्या हातात जेमतेम एक दिवस उरला. तो दिवस कुठे गेला, याचा जाब विचारायचा.

हा दिवस बहुतेक वेळा एकाच कारणाने वाया जातो: रक्ताच्या रिपोर्टची वाट बघितली जाते. आयजीएम तपासणीचा, म्हणजे रक्तातली गोवराची ताजी प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीचा, निकाल यायला काही दिवस लागतात, आणि पुरळ आल्यावर पहिल्या तीन दिवसांत घेतलेले रक्त खरा गोवर असूनही निगेटिव्ह येऊ शकते. ताप आणि पुरळ यांवरून शंका आली की विलगीकरण आणि संपर्कातल्यांची यादी लगेच सुरू करायची असते. रिपोर्ट नंतर आला तरी चालतो. ‘अजून कन्फर्म नाही’ हे वाक्य तुम्हाला ऐकवले गेले तर शांतपणे विचारा: ‘संशयित म्हणून नोंद कधी झाली, आणि आरोग्य खात्याला कधी कळवले?’

हेच गणित उलटे लावून संसर्ग कुठे झाला तेही काढता येते. दाखल झाल्यापासून सात दिवसांच्या आत पुरळ उठले तर संसर्ग बहुधा बाहेरूनच आला. त्या रुग्णालयात जाऊन आल्यानंतर ७ ते २१ दिवसांत उठले, त्या काळात घरात-शेजारी-बालवाडीत दुसरा रुग्ण नव्हता, आणि त्या दिवशी तिथे गोवराचे मूल होते हे नक्की असेल, तर शंका बळकट होते. एकाच वॉर्डातल्या दोन मुलांना पहिल्यानंतर १० ते १४ दिवसांनी जवळजवळ एकाच वेळी पुरळ उठले तर ती फार बोलकी खूण आहे. गेल्या २१ दिवसांत एकाहून जास्त ठिकाणी संपर्क आला असेल तर रुग्णालयाकडे बोट दाखवणे घाईचे ठरेल.

तुमचे मूल तिथे होते तर तक्रारीआधी हे करा

तक्रार दोन दिवसांनी लिहिली तरी चालेल, लस नाही.

१. लसीकरण कार्ड काढा. सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची, म्हणजे एमआर लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत असते. दोन्ही झाल्या असतील तर २१ दिवस फक्त लक्ष ठेवा.

२. एकच मात्रा झाली असेल आणि तिला २८ दिवस उलटले असतील, किंवा एकही झाली नसेल, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि ‘गोवराच्या रुग्णाशी अमुक तारखेला संपर्क आला’ हे वाक्य स्पष्ट सांगा. नुसते ‘लस द्या’ म्हटले की ‘बुधवारी या’ असे उत्तर मिळते, कारण बऱ्याच केंद्रांत लसीकरणाचा वार ठरलेला असतो.

३. बाळ ६ ते ९ महिन्यांचे असेल तरी संपर्कानंतर लस देता येते. ती शून्य मात्रा धरतात. पुढच्या दोन्ही मात्रा त्यांच्या वयाप्रमाणे घ्याव्याच लागतात. हे विसरणे ही घराघरांत होणारी चूक आहे.

४. सहा महिन्यांखालचे बाळ, लस न झालेली गरोदर बाई, कर्करोगाचे उपचार चालू असलेले किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेले माणूस यांना ही लस देत नाहीत. त्यांच्यासाठी इम्युनोग्लोब्युलिनचा निर्णय डॉक्टर घेतात, आणि तो सहा दिवसांतच घ्यावा लागतो. छोट्या गावात हे औषध हाताशी नसते, म्हणून पहिल्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा.

५. पुढच्या २१ दिवसांत ताप आला तर दवाखान्यात थेट घुसू नका. आधी फोन करा, मुलाला मास्क लावा, बाहेर मोकळ्यावर थांबा. नाहीतर तुमच्याच मुलामुळे दुसऱ्या हॉलची यादी करायची वेळ येईल.

गोवर झालाच तर ‘अ’ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा लागोपाठच्या दोन दिवशी द्यायच्या असतात: सहा महिन्यांखाली ५० हजार युनिट, ६ ते ११ महिन्यांत १ लाख, वर्षावरच्या मुलांना २ लाख. ही मात्रा दिली का, हे केसपेपरवर लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर विचारा. ही स्वस्त मात्रा राहून जाते आणि मुलांचे डोळे जातात, म्हणून यावर ठाम राहा. श्वास जोरात चालणे, झटका, सुस्ती, दूध-पाणी न पिणे, डोळ्यावर पांढुरकेपणा यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नका. अंगावर देवी आली म्हणून औषध बंद ठेवणे आणि मुलाला आंघोळ-हवा-अन्न तोडणे हे अजूनही घडते. त्यात मुले हकनाक जातात.

रुग्णालयात काय बघायचे

नातेवाईक म्हणून तुम्ही जिथे जाऊ शकता तेवढेच बघा. आत घुसायची गरज नाही. बऱ्याच गोष्टी बाहेरूनच कळतात.

पहिली जागा फाटकाजवळची. ताप आणि पुरळ असलेल्यांना केसपेपरच्या रांगेत उभे राहण्याआधीच कुणी वेगळे काढते का? एक टेबल, एक सिस्टर, मास्कचा खोका आणि वेगळ्या दाराकडे नेणारा बाण, एवढी व्यवस्था पुरते. अनेक ठिकाणी वेगळी ओपीडी असते, पण तिथे पोचायला आधी त्याच गर्दीच्या खिडकीवरून केसपेपर काढावा लागतो. मग वेगळ्या ओपीडीचा उपयोग शून्य. हा दोष रुग्णालयाला पैसा न घालता एका दिवसात दूर करता येतो, म्हणून तो आवर्जून लेखी सांगा.

दुसरी जागा म्हणजे विलगीकरणाची खोली. गोवरासाठी आदर्श म्हणजे ऋण दाबाची खोली, जिथे हवा व्हरांड्यातून आत खेचली जाते, बाहेर सोडली जाते आणि तासाला १२ वेळा बदलते. हवा १२ वेळा बदलत असेल तर खोलीतले ९९ टक्के कण सुमारे २३ मिनिटांत निघून जातात. सहा वेळा बदलत असेल तर ४६ मिनिटे लागतात. फलकावर ‘निगेटिव्ह प्रेशर’ लिहिलेले असूनही यंत्रणा बंद असू शकते. ते कळायला उपकरण लागत नाही: दार बंद असताना दाराखालच्या फटीशी पातळ कागदाची पट्टी धरली तर ती आतल्या बाजूला ओढली जायला हवी. उदबत्तीचा धूरही चालतो, पण जिथे ऑक्सिजन चालू असतो तिथे पेटती उदबत्ती नेऊ नका. कागदच वापरा, आणि तोही सिस्टरना सांगून.

आपल्याकडच्या बहुतेक तालुका रुग्णालयांत अशी खोली नसते, आणि ती नसणे हा त्या डॉक्टरांचा निष्काळजीपणा नव्हे. तिथे चालणारी व्यवस्था अशी: कडेची खोली, व्हरांड्याकडचे दार बंद, मोकळ्या आभाळाकडच्या खिडक्या सताड उघड्या, शक्य असेल तर खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा. नैसर्गिक हवा खेळवून काम भागवायचे तर जागतिक आरोग्य संघटनेचा मापदंड रुग्णामागे सेकंदाला १६० लिटर हवेचा आहे, आणि समोरासमोरच्या मोठ्या खिडक्यांच्या जुन्या दगडी वॉर्डांत तो गाठणे नव्या बंदिस्त इमारतींपेक्षा सोपे जाते.

चूक घडते ती स्प्लिट एसीमुळे. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा सोडतो. बाहेरची ताजी हवा आणत नाही. मुलांना उकडते म्हणून खिडक्या लावून एसी चालू केला की विषाणू तिथेच साठत जातो. सेंट्रल एसी असेल तर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: या खोलीतून परत जाणारी हवा दुसऱ्या वॉर्डात जाते का? बांधकाम किंवा देखभाल विभागाला हे माहीत असते, डॉक्टरांना असेलच असे नाही.

तिसरी गोष्ट माणसांची. खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाने एन-९५ मास्क लावायला हवा. सर्जिकल मास्क रुग्णाच्या तोंडावर, एन-९५ जाणाऱ्याच्या. हे उलटे झालेले दिसते. सफाई कामगार, आया, वॉर्डबॉय, एक्स-रेचे तंत्रज्ञ आणि कंत्राटी सुरक्षारक्षक यांची नावे लसीच्या यादीत असतात का, हे मुद्दाम विचारा. कायम कर्मचाऱ्यांची लस झालेली असते, कंत्राटदाराकडून आलेल्या माणसांची नोंद कुणाकडेच नसते, आणि तेच लोक सगळ्या वॉर्डांत फिरतात. लस किंवा प्रतिकारशक्तीचा पुरावा नसलेल्या कर्मचाऱ्याचा संपर्क आला तर पाचव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत त्याला कामावरून दूर ठेवायचे असते. आपल्या उदाहरणात १० ते २६ तारीख. कंत्राटी माणसाचा रोज बुडणार असेल तर तो ताप लपवणार. त्याला त्या दिवसांचा पगार मिळतो का, हाही साथ आटोक्यात ठेवण्याचाच प्रश्न आहे.

एक्स-रेसाठी मुलाला सार्वजनिक लिफ्टने, मास्कशिवाय नेले जाते का, तेही बघा. आणि मूल घरी गेल्यावर ती खोली दोन तास रिकामी राहते की पाच मिनिटांत पुढचा रुग्ण येतो? खाटांची टंचाई असताना हा नियम सगळ्यात आधी मोडतो.

दोष नसलेल्या गोष्टी

सौम्य गोवराच्या मुलाला दाखल न करता औषधे आणि सूचना देऊन घरी पाठवणे योग्यच आहे. रुग्णाचे नाव, पत्ता, वस्ती न सांगणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे, लपवाछपवी नव्हे. संशयित आणि निश्चित रुग्णांचे आकडे वेगवेगळे असणे हेही फसवणुकीचे लक्षण नाही. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी परिसरातून गोवराची साथ पसरली तेव्हा महापालिका ताप-पुरळाचे संशयित आणि निश्चित रुग्ण असे दोन आकडे देत होती. संशयितांचा आकडा कितीतरी मोठा दिसायचा. घरोघर सर्वेक्षण वाढवले की रुग्णांची संख्या वाढलेली दिसते, आणि ते चांगले असते. त्याच साथीत नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने साथीच्या भागातल्या ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना एक जादा मात्रा द्यायला राज्यांना सुचवले होते. कस्तुरबा या मुंबईतल्या संसर्गजन्य आजारांच्या रुग्णालयात पोचलेल्या मुलांचे प्रश्न वॉर्डात सुरू झाले नव्हते. लस न पोचलेल्या गल्ल्यांत सुरू झाले होते. म्हणून रुग्णालयावर बोलताना आपल्या प्रभागातल्या लसीकरणाचे विचारायला विसरू नका. गोवर थोपवायला ९५ टक्के मुलांच्या दोन्ही मात्रा व्हाव्या लागतात.

नोंदी ठेवा

एका साध्या वहीत चार रकाने आखा: तारीख आणि वेळ, जागा, काय दिसले, कुणी पाहिले. ‘वॉर्डात घाण आहे’ असे लिहू नका. ‘९ तारीख, सकाळी ११, बालरोग ओपीडी, सुमारे ४० माणसे, चारही खिडक्या बंद, एसी चालू, पुरळ असलेले एक मूल बाकावर अर्धा तास’ असे लिहा. दुसऱ्या वाक्याला रुग्णालयाला उत्तर द्यावे लागते.

बंद खिडकीचा, फलकाचा, बंद पंख्याचा फोटो काढा. रुग्णाचा, मुलांचा, केसपेपरचा फोटो काढू नका आणि कुणी पाठवला तर पुढे पाठवू नका. आपल्या मुलाचे कागद मात्र हक्काने मागा. लेखी अर्ज केल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदींच्या प्रती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हा नियम २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे.

भेट आणि पत्र

पाचपेक्षा जास्त माणसांनी भेटायला जाऊ नये. त्यात एक बाधित मुलाचे पालक, एक आशाताई किंवा स्थानिक डॉक्टर, आणि लिहून घेणारे एक जण असावे. सरकारी रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक, वैद्यकीय महाविद्यालयात अधिष्ठाता, खाजगी रुग्णालयात वैद्यकीय संचालक यांना भेटा. ड्युटीवरच्या सिस्टरशी किंवा निवासी डॉक्टरशी वाद घालू नका. त्यांच्या हातात खिडकी उघडण्यापलीकडे फारसे नसते आणि त्या वेळी त्यांचे रुग्ण खोळंबतात. सरकारी रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते; तिच्या सदस्याला सोबत घेतले तर बैठकीचे इतिवृत्त मागता येते.

पत्राच्या दोन प्रती न्या, एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेले निवेदन हे निवेदनच नव्हे. मजकूर एका पानात बसवा:

‘मा. वैद्यकीय अधीक्षक यांस. विषय: गोवर संसर्ग प्रतिबंधाबाबत माहिती व कार्यवाही. महोदय/महोदया, दिनांक __ रोजी आपल्या बालरोग ओपीडीत गोवराचा संशयित रुग्ण आल्याचे समजते. कोणत्याही रुग्णाची ओळख न देता पुढील माहिती द्यावी.
१) संशयित रुग्णाची पहिली नोंद आणि आरोग्य विभागास कळवल्याची तारीख.
२) त्या दिवशी त्या वेळेपासून पुढील दोन तासांपर्यंत हॉलमध्ये असलेल्या रुग्णांची व सोबतच्या व्यक्तींची यादी केली आहे काय? एकूण संख्या, आणि संपर्क साधलेल्यांची संख्या.
३) त्यांपैकी ७२ तासांत लस मिळालेल्यांची संख्या.
४) कंत्राटी धरून कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाची स्थिती.
५) पुरळ-तापाच्या रुग्णांसाठी वेगळे प्रवेशद्वार व खोली कधीपासून सुरू होईल?
पहिल्या तीन मुद्द्यांत मुदतीचा प्रश्न असल्याने उद्या सायंकाळपर्यंत उत्तर मिळावे ही विनंती.’

दुसऱ्या मुद्द्यातला ‘सोबतच्या व्यक्तींची’ हा शब्द काढू नका. ओपीडीच्या नोंदवहीत फक्त केसपेपर काढलेल्यांची नावे असतात. आईच्या कडेवरचे धाकटे बाळ, सोबत आलेली गरोदर मावशी, औषधाच्या खिडकीवरची माणसे त्यात नसतात, आणि धोका त्यांनाच जास्त असतो. ही पोकळी भरायला रुग्णालय एक साधी गोष्ट करू शकते: ‘अमुक तारखेला अमुक वेळेत इथे आलेल्यांनी या क्रमांकावर कळवावे’ अशी सूचना फाटकावर आणि महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या माध्यमातून देणे. त्यात रुग्णाचे नाव येत नाही, रुग्णालयाचे येते. रुग्णालये कचरतात ती इथेच.

नाव लपवण्याने काय होते ते २०१५ मध्ये दक्षिण कोरियात दिसले. मर्स या विषाणूजन्य श्वसनविकाराचा पहिला रुग्ण २० मे रोजी निश्चित झाला; रुग्णालयांची नावे सरकारने ७ जूनला जाहीर केली. मधल्या काळात सोलमधल्या एका नामांकित रुग्णालयाच्या गजबजलेल्या तातडी विभागात तीन दिवस राहिलेल्या एकाच रुग्णाकडून ८० हून अधिक जणांना संसर्ग झाला. एकूण १८६ रुग्ण, ३८ मृत्यू. रुग्णालय टाळायला हवे की त्याच रुग्णालयात जाऊन आल्याचे सांगायला हवे, हे लोकांना कळायला मार्गच नव्हता. भेटीत अधिकारी ‘घबराट पसरेल’ म्हणाले तर हे उदाहरण त्यांच्यासमोर ठेवा.

उत्तर आले नाही तर

त्याच दिवशी, दुसऱ्या आठवड्यात नव्हे, आरोग्य विभागाच्या साथरोग शाखेला कळवा. महापालिका हद्दीत वैद्यकीय आरोग्य अधिकारी, ग्रामीण भागात तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी. १०४ या आरोग्य हेल्पलाइनवर, मुंबईत १९१६ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या. खाजगी रुग्णालयाच्या बाबतीत दर्शनी भागात लावलेले नोंदणी प्रमाणपत्र बघा. ते कोणत्या कार्यालयाने दिले आहे ते त्यावर असते, आणि तक्रार त्याच कार्यालयाकडे करायची. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचे २०२१ चे नियम रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावायला सांगतात. ती लावलेली नसेल तर तीही तक्रारीत लिहा.

माहिती अधिकार हे सावकाश चालणारे पण खोल जाणारे हत्यार आहे. चालू साथ थांबवायला त्याचा उपयोग कमी, पुढची साथ नीट हाताळली जावी यासाठी फार. अर्ज १० रुपयांचा, एकाच विषयावर आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे साधारण १५० शब्दांत. ‘का केले नाही’ असे विचारले की ‘माहिती उपलब्ध नाही’ येते, म्हणून कागद मागा: जंतुसंसर्ग नियंत्रण समितीच्या गेल्या वर्षातल्या बैठकांची इतिवृत्ते, साथरोग सर्वेक्षणाला पाठवलेल्या अहवालांच्या तारखा, विलगीकरण कक्षातल्या पंख्यांची देखभाल नोंदवही, एन-९५ मास्कची साठा नोंदवही. ही साठा नोंदवही बारकाईने बघा. साथीच्या महिन्यात मास्क खर्ची पडलेच नसतील तर बाकीचे काही विचारायची गरज उरत नाही. रुग्णांची नावे मागू नका. अर्ज तेवढ्यावरून फेटाळला जातो.

उत्तराची मुदत ३० दिवस. एखाद्याच्या जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तास, पण मग कोणाच्या जिवाला काय धोका हे अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहा, नुसते ‘तातडीचे’ लिहून भागत नाही. उत्तर नाही आले तर ३० दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. खाजगी रुग्णालयाला थेट अर्ज करता येत नाही. त्याची जी माहिती आरोग्य अधिकारी कायद्याने मागवू शकतात, ती त्या अधिकाऱ्यांकडे मागायची.

गर्दी आणि व्हॉट्सअ‍ॅप

मूल गेलेल्या आईबापांचा आक्रोश समजण्यासारखा आहे. पण काचा फुटल्या, डॉक्टरला धक्काबुक्की झाली की त्या क्षणी रुग्णालयाचे सगळे जाबदारपण संपते आणि चौकशी तुमची सुरू होते. १८९६ च्या मुंबईतल्या प्लेगमुळे आलेल्या १८९७ च्या साथरोग कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केल्यास तीन महिने ते पाच वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. गंभीर इजा झाल्यास सात वर्षांपर्यंत कैद. त्याहून मोठे नुकसान असे, की अशा गोंधळानंतर गोवराच्या मुलांसह पन्नास माणसे एकाच बंद व्हरांड्यात तासभर अडकलेली असतात.

ग्रुपवर पाठवायचा संदेश तीन ओळींचा ठेवा: कोणत्या तारखेला, कोणत्या वेळेत, कोणत्या ठिकाणी गेलेल्यांनी लसीकरण कार्ड तपासावे, आणि कुठे जावे. ‘अमक्या वस्तीतल्या लोकांमुळे’ हे शब्द आले की ती वस्ती आजार लपवायला लागते. तारीख नसलेला संदेश पुढे पाठवू नका, तो सहा महिन्यांनी पुन्हा फिरतो. आणि पाठवण्याआधी आरोग्य केंद्रात लस शिल्लक आहे का ते फोन करून विचारा. दीडशे आया तिथे पोचल्या आणि लस नसली तर दुसऱ्यांदा त्या येत नाहीत.

रुग्णालयाने उत्तर दिले, दार वेगळे केले, यादी पुरी केली, तरी वही बंद करू नका. शेवटच्या रुग्णानंतर ४२ दिवस, म्हणजे एकवीस दिवसांचे दोन फेरे, नवा रुग्ण आला नाही तरच साथ संपली असे धरतात. कॅलेंडरवर तो दिवस खूण करून ठेवा, दर सोमवारी त्या कडेच्या खोलीची खिडकी उघडी आहे का ते बघून या, आणि मधे एकही नवे पुरळ कळले तर मोजणी त्या तारखेपासून पुन्हा एकपासून सुरू करा.